गावठी म्हणजे

मीसुकला पहिल्याच तासाला एकच वाक्य हवं होतं.
नमस्कार नको, माझं नाव अमुक नको,
किंमत तर ती बोटांवर विचारते.
वही उघडून, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून म्हणाली,
शिकव : यावर फवारणी केली आहे का?

खारघर, चौदावा मजला.
नवरा तळोज्याच्या कारखान्यात, रंगांची रसायनं.
फ्रिजवर चुंबकाने अडकवलेला त्याच्या रक्ताचा रिपोर्ट
आणि ओट्यावर हिरवं पान छापलेली पाकिटं :
सेंद्रिय नाचणी, सेंद्रिय गूळ,
सेंद्रिय मीठसुद्धा.
मीठ सेंद्रिय कसं, हे मी विचारलं नाही.
तासाचे चारशे मिळतात मला.

'सेंद्रिय' तिच्या जिभेवर दोनदा घसरला.
म्हटलं, राहू दे, बाजारात हा शब्द कुणी बोलतही नाही.
बाजारात म्हणतात गावठी.
गावठी कोथिंबीर, गावठी अंडी, गावठी लसूण.
तिने लिहून घेतलं : गावठी.
माणसाला म्हणतात का?
म्हणतात, पण तेव्हा ती शिवी असते.
तिने पुढे लिहिलं : भाजीला चांगलं, माणसाला वाईट.
मी परभणीची. माझं 'काय करायलास' ऐकून
कॉलेजात हाच शब्द मला चिकटवला होता कुणीतरी.
ते तिच्या वहीत नाही.

तीन रविवार हिंडलो.
वाशीच्या एका दुकानात दुधी भोपळ्याला प्रमाणपत्र होतं,
माझ्या बीएडच्या प्रमाणपत्रापेक्षा जाड कागदावर.
कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तिचं वाक्य नीट ऐकून घेतलं,
म्हणाला, फवारणी? करतो ना, मॅडम,
आणि बाटली उचलून पालकावर पाणी मारलं.

मग आषाढातला एक मंगळवार,
गोल्फ कोर्सच्या कुंपणापाशी
सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर मांडलेले ढीग :
टाकळा, फोडशी, कुर्डू,
आणि जांभळट टोकांची शेवळं.
मीसुक उकिडवी बसली,
आमच्या इमारतीत कुणी बसत नाही तशी.
फोडशीची काडी मोडली, वास घेतला,
स्वतःच्या भाषेत एक शब्द म्हणाली, नामुल,
मग डोंगराकडे हात केला, मग कमरेएवढी उंची दाखवली.
ती तेव्हा एवढी होती. मावशीबरोबर जायची.
हे मला दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं तिने.
सोमीबाईला दोन मिनिटांत सांगून झालं,
एकही क्रियापद न वापरता.

तरी वाक्य तिने म्हटलंच. इतकं घोकलं होतं.
सोमीबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
'डोंगराला कोन फवारतंय गं बाई?'
आणि मूठभर काकडं शेवळांवर टाकली, फुकट.
'ही घालून शिजव, नायतर घसा खाजंल.'
मी भाषांतर केलं खरं,
पण काकडं मलाही तेव्हाच कळली.
फळांना काय म्हणतात विचारलं तिने,
मी सोमीबाईला विचारून सांगितलं.

रात्री तिने तिळाच्या तेलात सगळं परतलं.
खिडकी उघडी होती आणि तळोज्याकडून
तो वास आला, येतो तसा, साडेनऊनंतर.
नवऱ्याने उठून खिडकी लावली. कुणी काही बोललं नाही.
मीसुकने भिंतीवरच्या नकाशात
डोंगर आणि कारखाना यांच्यामध्ये वीत धरून पाहिली.
वीत पुरून उरली.
मग तिने माझ्या वाटीत आणखी एक चमचा वाढला.
कडवट होतं. घसा जरासा खाजलाच,
काकडं बहुतेक कमी पडली.

पुढच्या तासाला नवं वाक्य हवं होतं तिला :
पुढच्या मंगळवारी येणार का?
पाठ करून गेली, एकटीच गेली.
परत येऊन उत्तर मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं,
'मुनशिपाल्टीची गाडी नाय आली तर.'
गाडी कळली. नाय कळलं.
शेवटच्या शब्दावर तिने पेन्सिल ठेवली.
'तर' मी अजून शिकवला नव्हता.