डाव्या पायात उजवा

दुल्सीनबाय टेपचं एक टोक धरते, मी दुसरं.
रिवणच्या वर, बंद पडलेल्या खाणीच्या डंपाची
आम्ही उंची मोजतो आहोत.
मडगावची ती, जर्मनीत माती उकरायला शिकून आलेली.
मनगटानं घाम पुसते आणि विचारते,
कुष्टा, तुमच्या टेकडीत कोण निजलाय?

कोण निजणार, बाय?
जपानला नको होती तेवढी माती.

मग काजूच्या सावलीत डबे उघडतो.
सुंगटांच्या किसमुरीचा वास सुटलेला
आणि ती मला केल्टांच्या टेकड्या सांगते.
तिकडेही असेच ढीग, वर गवत, गवतात मेंढ्या.
एक फोडला तर आत ओक लाकडाची खोली,
खोलीत काशाच्या बाकावर आडवा एक सरदार.
बाक पेललेला आठ चिमुकल्या बायकांनी,
प्रत्येकीच्या पायाखाली चाक.
चार चाकांचा गाडा. भिंतीवर प्यायची नऊ शिंगं.
पायाशी कढई, आपल्या काजूच्या भाटीएवढी,
तळाला वाळून गेलेला मध.
त्या मधातले पराग मोजून सांगितलं म्हणे
कुठकुठल्या रानफुलांवर माश्या बसल्या होत्या.

आणि मासे धरायचे गळ.
एवढ्यानंच तो मला गावातला वाटला.

आणि जोड्यांवर सोन्याचा पत्रा,
पण डाव्या पायात उजवा,
उजव्यात डावा.

कोणीतरी घाईत होता, ती म्हणाली.
किंवा रडत असेल.
अडीच हजार वर्षं झाली. सरदाराचं नाव गेलं,
त्याला हाक मारायची भाषा गेली.
चढवणाऱ्या हातांची गडबड तेवढी शाबूत.

मला पुढचा घास गेला नाही.

नऊ वर्षं मी टिपर चालवला.
या ढिगात माझ्या किती खेपा, देवाक ठाऊक.
पण एक ठाऊक आहे मला.
मार्च होता. खाली मांडावर शिगम्याचे ढोल,
सगळा गाव तिकडे. सुपरवायझर टॉर्च हलवत होता:
घे मागे, घे, हां, इथंच.
इथं म्हणजे बुधो वेळीपाचं शेत, कापणी झालेलं,
आणि बांधावर रोयण.
वारूळ म्हणा तुम्ही. आमची ती सातेरी.
कमरेएवढी उंच, अबोलीची वेणी ल्यालेली.
माझी आई नवस फेडायला तिथंच जायची.
मागच्या लाल दिव्यात वेणी दिसली.
मग दिसली नाही.

माझे हात थरथरले नाहीत, बाय.
डावं-उजवं चुकलं नाही.
लॉगबुकात लिहिलं: खेप एकतीस. जागा मोकळी.
अक्षर सुबक आहे माझं.

उन्हं कलल्यावर डंपाचा पायथा मोजायला उतरलो.
सगळीकडे तांबडं. दगड तांबडे, ओहोळ तांबडा,
बगळासुद्धा तांबूस.
आणि काठाशी एक नवी रोयण, गुडघ्याएवढी,
काळी.

दुल्सीनबाय उकिडवी बसली.
वाळवी खोल जाते, म्हणाली, ओलीच्या मागे.
खालचं वर आणते, एकेक कण.
हे डंपातलं नव्हे. हे डंपाखालचं.
मला विचारायची गरज नव्हती.
ती माती मी चिखल होऊन पायांना लागलेली पाहिली आहे.

चिमूटभर तिनं पिशवीत घेतली, लेबल लावलं.
तिचे हात मळलेले, म्हणून पेन माझ्याकडे.
तारीख मी लिहिली. मग ती म्हणाली,
जागा लिही.

लोखंडाच्या धुळीनं पेन अडत होतं.
दोनदा गिरवलं.
ती मान वाकडी करून वाचू लागली.
कोण हा बुधो?

सांगतो, म्हटलं.
आधी पायांतले जोडे काढू दे.