ऐंशीचं सूत

लक्ष्मीनगरच्या पालांदूरकर मॅडमची टिकली
दर दुसऱ्या शनिवारी माझ्या दुकानात येते,
येते म्हणजे पिशवीतून डोकं काढून.
वजन दोन किलो तीनशे.
कॉटन मार्केटमधून मी याहून जड कांदे आणतो,
पण कांदे माझ्यावर गुरगुरत नाहीत.

यॉर्कशायर टेरियर.
मानेपासून शेपटीपर्यंत घासलेल्या पोलादाचा निळा,
तोंडावर, पायांवर कडक चहाचा तांबूस.
जन्मली तेव्हा काळी कुळकुळीत होती.
मॅडमना वाटलं, फसवलं.
मी म्हटलं, थांबा,
हा रंग उतरायला दोन-तीन वर्षं लागतात.

नवतपा चालू होता. तांडापेठेत लाइट गेलेली.
बाबा पहिल्यांदाच दुकानात आले, कूलरसमोर बसले.
दुकान टाकलं तेव्हा एवढंच म्हणाले होते,
"कुत्र्याचे केस विंचराचे पैसे भेटते?"
आणि मग चार वर्षं काही नाही.

मी मॅडमना नेहमीचं सांगत होतो:
गळ्याला पट्टा नको, छातीचा घाला,
श्वासनळी हिची वाळक्या पपईच्या देठाएवढी.
फिरवा पहाटे पाचला, नंतर डांबर तापतं.
थोडं थोडं खाऊ घाला, उपाशी राहिली तर साखर उतरते.
दात रोज घासा. हो, रोजच.
मॅडम मान हलवत गेल्या.
मॅडम रोज घासत नाहीत.

डाव्या कानामागे गुंता होता, बोरीएवढा.
मी कात्री उचलली.
"काप नको बे."

बाबा उठले होते.
आयुष्यात कुत्र्याला हात न लावलेला माणूस,
अंगणातल्या मोत्यालाही लांबूनच भाकर फेकणारा.
बोटाला तेलाचा थेंब घेतला,
गुंत्याच्या मधोमध नाही, कडेला लावला.
"कापाले काय लागते? सोडवाले येळ लागते."

पहाटे गल्लीभर पांजण ताणलेली असायची,
दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये शंभर हात सूत,
आणि बाबा कुंचा फिरवत उलटे चालत जायचे.
शाळेत जाताना मला खाली वाकावं लागायचं.
तोच हात आता टिकलीच्या पाठीवर
वरून खाली, न थांबता.
ती गुरगुरायची विसरली. मग झोपलीच.

"ऐंशीचं सूत असन," ते म्हणाले. "रेशीम मिसळलेलं."

मी सांगितलं जे वाचलं होतं ते.
स्कॉटलंडात मागांचं काम बसलं,
विणकर पोटासाठी दक्षिणेला उतरले, यॉर्कशायरच्या गिरण्यांत.
सोबत बारके कुत्रे. चात्यांखाली उंदीर धरायचे.
लोक चेष्टेत म्हणायचे,
याचे केसही मागावरच विणले असतील.
मोठ्या घरच्या बायकांच्या मांडीवर ते नंतर गेले,
रिबिनी त्यानंतर.

बाबा काही बोलले नाहीत.
आमचा माग विकला त्या दिवशीही बोलले नव्हते,
भंगारवाल्याला फणी तेवढी परत मागितली होती.

मग म्हणाले, "म्हंजे आपल्यातलीच हाय."
आणि थोड्या वेळाने,
"पण रंग सोडते म्हणतं. असा माल आम्ही परत पाठवत होतो."

रिबिनीची गाठ त्यांनीच बांधली, न दिसणारी,
तुटलेला ताणा सांधतात तशी.
मॅडम आल्या, पैसे दिले,
टिकली पिशवीत, डोकं बाहेर.

लाइट आली म्हणून फोन आला घरून.
बाबा उठेनात.
बोटाला गुंडाळलेला एक लांब केस
दाराच्या उजेडात धरून ओढून पाहत होते.
तुटला नाही.

"ऐंशी नाही," म्हणाले.
"शंभराचं असन."