टाकीमागचा नंबर

एप्रिल आहे, पारा बेचाळीसवर,
आणि लावण्या येमूल स्वेटर घालून येते.
विचारलं तर म्हणते, थंडी वाजते, बाई.

हेडसरांना सांगितलं.
त्यांनी दार लोटलं, पंखा वाढवला.
तिचा मामा संस्थेला दरसाल सतरंज्या देतो, म्हणाले,
आणि तुमची मान्यता अजून अडकलीय ना वरती?

साखर पेठेत तिची आई दारात विड्या वळत होती.
सुपावरची नजर न उचलता म्हणाली,
आठशे झाल्या, दोनशे राहिल्या.
मी चपला घालताना मात्र:
पोरीची जात आहे. बोभाटा नको.

शेजारी माग खडखडत होता.
या गल्लीत 'चहा घ्या'सुद्धा ओरडून म्हणतात.
हे तेवढं कुजबुजलेलं,
आणि स्पष्ट ऐकू आलं.

मागच्या वर्षी प्रशिक्षण झालं.
फाईल मिळाली, समोसा मिळाला.
संशय पुरेसा आहे, पुरावा शोधणं तुमचं काम नाही,
त्याखाली माझी सही आहे, तारखेसकट.
तरी अकरा दिवस मी पुरावाच शोधतेय.
सोयीचा असतो तो.
सापडत नाही तोवर गप्प बसता येतं.

नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलाय.
त्याच्यापुढं गेल्या उन्हाळ्यात पाण्याची टाकी बसवली.
आज मधल्या सुट्टीत अंग चोरून मागं शिरले.
दहा. नऊ. पुढचा आकडा शेवाळात.

लावण्या पाणी प्यायला आली.
बाई, तिथं काय करताय?
वाचतेय.
मग मोठ्यानं वाचा ना, म्हणाली,
आम्हाला तसंच सांगता तुम्ही.