पाच घरांचं मीटर

बसा की. चहा येतोय.
गाडी कुठे पळून जात नाही,
आणि तुम्ही विचारलंत ते ऐकलं मी:
अजून किती वर्षं चालेल?

मीटर बघू नका. त्याला पाचच घरं.
नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर
ते एकदा सगळं विसरलं,
बोरीच्या पुलावर, दुपारी पावणेतीनला.
आम्ही चौघं गाडीत, आणि कुणी श्वास घेत नव्हतं.
पाच शून्यं एका रांगेत येऊन बसली
परीक्षेला आलेल्या मुलांसारखी.
ह्यांनी पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली, म्हणाले,
आता हिला नवीच म्हणायची.
आज दिसतात ते एकसष्ट हजार.
त्यात तो लाख मिळवा. हातचा एक.
बत्तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं मी.

ही तिची वही. अक्षर ह्यांचं.
दर पाच हजाराला ऑइल.
एकदा पाच हजार चारशेला झालं,
तिथे कारण लिहिलंय: सुगंधाचं बाळंतपण.
एअर फिल्टर दर पंधरवड्याला झटकलेला.
तेव्हा डिचोलीच्या रस्त्याला खनिजाचे ट्रक होते,
पांढरी गाडी सांजेपर्यंत विटकरी व्हायची.
मग खाणी बंद पडल्या, अर्धा गाव घरी बसला,
आणि फिल्टर आठ महिने स्वच्छ निघाला.
तेही लिहिलंय.
फिल्टरचं. गावाचं नाही.

इंजिनाला काही होत नाही हो. आधी जातो तो तळ.
खारं पाणी.
नार्व्याच्या फेरीतून दिवाडीला जाऊन आलं
की खाली वाकून नळी धरायची, विहिरीच्या पाण्याची.
ह्यांची स्वतःची अंघोळ चुकली असेल, तिची नाही.
इनास मेस्त्री वर्षातून एकदा गाडीखाली शिरायचा,
बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवायचा,
फणस पिकला का बघावा तसा,
आणि आतूनच ओरडायचा,
"आजून कच्चो आसा, बाय!"
इनास गेला. आता त्याचा पुतण्या वाजवतो.
त्याला मोबाइलच्या उजेडात दिसतं, पण ऐकू येत नाही.

क्लच दोनदा बदललाय. रेडिएटर एकदा.
सायलेन्सर तीनदा, की चारदा, वहीत बघा.
डावं मागचं दार म्हापशाच्या भंगारातलं,
रंग जुळतो, आवाज जुळत नाही.
आरटीओने पंधरानंतर पाच वर्षं दिली,
मग पाच, मग आणखी पाच,
आणि दर वेळी तो साहेब बॉनेट उघडून
जरा गप्प उभा राहिला.

तेव्हा किती चालेल म्हणाल तर
मला आकडा सांगता येत नाही.
वही पुढे लिहाल तर चालेल.
नाही लिहिलीत तर दोन पावसाळे.

मला गाडी येत नाही. नुसती सुरू करता येते.
दर गुरुवारी दहा मिनिटं, बॅटरी उतरू नये म्हणून.
तेव्हा तिकडे सोप्यावरून आवाज येतो:
"चोक ओढ. अर्धाच."
सुगंधाला ते ताई म्हणतात हल्ली,
मला कधी बाई, कधी कोण तुम्ही.
पण चोक अर्धाच. आणि बरोबर असतं ते.

तुम्ही म्हणालात ती किंमत मान्य.
मात्र सकाळी नेऊ नका.
रविवारी या, अडीचच्या सुमाराला, ते झोपलेले असतात.
चावी लावू नका इथे.
न्यूट्रलमध्ये सोडा, उतार आहे, आपोआप जाईल
खालच्या काजूच्या वळणापर्यंत.
तिथे सुरू करा.

आणि चोक

हं. ऐकलंत ना तुम्ही.