पावणेबारा

टेप चालू केलीस? बरं.
खोकला आला तर पुसून टाक, नावं पुसू नकोस.

मला कमांडर म्हणायचे. त्याआधी मी
सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर दुरुस्त करायचो.
माणसं माझं ऐकायची, कारण माझा आवाज
चालू इंजिनावरून ऐकू जायचा.
लायकी म्हणशील तर एवढीच.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात पोरं एकशे चाळीस,
बंदुका साठ.
उरलेली पोरं एखादी बंदूक मोकळी व्हायची वाट बघत.
मोकळी कशी होते, ते तू समजून घे.

आमच्याकडे रीत आहे.
मुलगा लढायला निघाला की आई नान पुढे करते,
तो एक घास तोडतो,
उरलेला नान भिंतीवर, खुंटीला.
परत येईल आणि संपवील म्हणून.
मी दारोदार पोरं गोळा करत फिरलो तेव्हा
हे घास बघत होतो.
घोड्याचं वय दातांवरून कळतं.
एका नानावर मधेच फट होती,
नुकत्याच पडलेल्या दाताची.
मी यादीत लिहिलं: सफरमद.
वय सतरा, असंही लिहिलं.

वख्शच्या पलीकडे खुशवख्त.
एका बाकावर बसलेले आम्ही.
नवरोजच्या कुस्तीत मी त्याचा घोटा उखडला होता,
तेव्हापासून डावा पाय किंचित ओढायचा.
दोघांचे वायरलेस एकाच गोदामातून लुटलेले,
त्यामुळे रात्री तो यायचाच.
आधी शिव्या. मग,
तुमच्याकडे बर्फ किती?
आईचे गुडघे कसे आहेत?
मेंढीची चरबी चोळ म्हणावं.
मग पुन्हा शिव्या, जरा मोठ्याने,
पोरं जागी असायची.

फेब्रुवारीत म्हणाला,
माझी अकरा माणसं तुझ्या काठावर पडलीत, तुतीखाली.
कुत्री हिंडतायत.
दुपारपर्यंत वेळ दे.
मी म्हणालो, बारापर्यंत.
नानाची शपथ घातली त्याने. मी घेतली.

ते आले. चौदा जण, एक पांढरं फडकं, दोन गाढवं,
आणि एक दार.
कुणाच्या तरी घराचं, बिजागऱ्यांसकट उचकटलेलं,
मढी वाहायला.
तीन खेपा झाल्या.
चौथ्या खेपेला दाराची पुढची बाजू ज्याच्या खांद्यावर होती
त्याचा डावा पाय ओढत होता.

पुढे सगळ्यांना मी हेच सांगत आलो
की माझं घड्याळ पुढे होतं.
तह करायला आलेल्या साहेबांना, मुल्लांना, बायकोला.
साहेबांनी तर लिहून घेतलं, खाली सही आहे माझी.

घड्याळ रशियन. ट्रॅक्टर स्टेशनकडून बक्षीस मिळालेलं.
ते कधीही पुढे गेलं नाही, मागेही नाही.
मी बाही वर करून पाहिलं होतं.
पावणेबारा.

का, ते विचारणारच तू.
वरून हुकूम नव्हता.
राग तर नव्हताच, राग असता तर आज सोपं गेलं असतं.
मला पूल हवा होता
आणि पुलावर बिनबंदुकीची चौदा माणसं होती.
बारानंतर ती तशी राहिली नसती.

पूल मिळाला. नऊ दिवस आमच्याकडे होता.

त्या रात्री सवयीने वायरलेस लावला.
खरखर.
बटण दाबून मी विचारलं,
तुमच्याकडे बर्फ किती?
सफरमद भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.
त्याच्या हातात आता बंदूक होती.

सत्त्याण्णवला सह्या झाल्या, मी घरी आलो.
बायकोने खुंटीवरून माझा नान काढला,
चहात भिजवला, तरी दाढ दुखली.
चव? धुराची. थोडी उंदराची.
सगळा संपवला मी, ती समोर बसून होती.

थांब, टेप अडकली वाटतं.
नाही? संपली?
मग उलटी करून लाव.
सफरमदचं अजून सांगायचंय.