चाड्याचं लाकूड

जुना करार संपतो आणि नवा सुरू व्हायचा असतो,
तिथे बायबलमध्ये चार कोरी पानं सोडत असत तेव्हा :
जन्म, लग्नं, मृत्यू.
आमच्या ट्वॉम्बलींनी तिथे गायीसुद्धा नोंदवल्यात.

झेन्सव्हिलच्या कोर्टाच्या तळघरात, हीटरला पाय लावून,
मी ती पानं भिंगाखाली धरते
आणि मोठ्या कागदावर चौकोन आखते.
सगळ्यात वर असाहेल. माझ्या पणजोबांचा बाप.
जन्म कनेक्टिकटातला, जिथे नांगरलं की दगडच उगवत.
ओहायोत आला तो बैलगाडीने,
सोबत करवत, सफरचंदाच्या बिया आणि मेहेटबल,
जिच्या माहेरचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही.
तिचा चौकोन अर्धाच भरतो.

मग मुलं. ऑरिन. फिलेना. लोइस,
जिला घशाच्या तापाने नेलं.
आणि सत्तेचाळीसच्या मार्चात एक ओळ :
"मुलगा. नऊ दिवस."
नाव नाही.
शेवटचा ठिपका मात्र वाटाण्याएवढा,
लेखणी टेकवली आणि उचलायची राहिली असावी.
त्याच्याखाली : "तपकिरी गाय व्याली."

मका तेव्हा कुदळीने लावायचे.
एक खळगा, चार दाणे, टाचेने माती,
दोन पावलं, पुन्हा खळगा.
संध्याकाळी माणसं शेतातून वाकलेलीच घरी यायची.
असाहेलने दोन चाकांची पाभर केली,
चाक फिरलं की चाड्याखालची झडप उघडणार,
चार दाणे पडणार. तीन नाहीत, पाच नाहीत.
लोहार हसला. पाद्री म्हणाला,
न वाकता पेरलेलं देवाला दिसत नाही.

पेटंटसाठी नमुना लागे, छोटा,
कुठूनही मोजला तरी फुटाच्या आत.
भावाला लिहिलेलं त्याचं पत्र आहे, त्याच जूनमधलं.
भाव, पाऊस, बैलाचा खूर, आणि मग :
"नमुन्यासाठी लाकूड विकत आणलं नाही.
घरात चेरीच्या फळ्या होत्या.
ज्या आकारात होत्या, तो आता कुणाच्या कामाचा नाही."

हे वाक्य मी तीनदा ओलांडून पुढे गेले होते.
चौथ्यांदा आत्या आठवली, वर्ला, ऑरिनची नात.
ती सांगायची, घरात पाळणा एकच होता, चेरीचा,
आणि दुसरी लोइस मात्र वाढली धुण्याच्या टोपलीत.
का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
हसायची ती हे सांगताना. मीही हसायचे.

मेहेटबल काय म्हणाली, ते कुठल्याच कागदात नाही.
अर्जाच्या तळाशी साक्षीदार दोन :
लोहाराची सही,
आणि एक फुली, शेजारी परक्या अक्षरात "मेहेटबलची खूण".
फुलीचा एक पाय लांब गेलाय, कागदाच्या कडेपर्यंत.

पेटंट मिळालं. पैसे नाही मिळाले.
दुसऱ्या कुणी तीच झडप उलटी बसवली आणि घर बांधलं.
नमुना वॉशिंग्टनात काचेच्या कपाटात तीस वर्षं होता,
चाड्यात एकही दाणा न पडता.
सत्याहत्तरच्या आगीत गेला, हजारो नमुन्यांबरोबर,
आणि असाहेलने बायबलमध्ये त्याची नोंद केली.
गायींच्या नाही,
मृत्यूंच्या पानावर.

फिलेनाच्या खाली मी लोइस लिहिते, तारखा घालते.
शेजारी एक चौकोन आखते, लहानसा.
आत काय लिहू?
पेटंटचा नंबर लिहिला, पेन्सिलीने. खोडला.
"मुलगा" लिहिलं.
तळघर पाचला बंद होतं, बाई किल्ल्या वाजवतेय,
आणि माझं पेन तिथेच टेकलंय,
शाई कागदात पसरतेय.

पुढचा चौकोन : लोइस, दुसरी.
टोपलीतली.