वाय की एम

इसाफ्योर्दुरला दुपारी तीनलाच अंधार.
सोलरून कर्नल बांधायला बसलीय,
डोंगरावरच्या हिममापक पेटीसाठी.
दर ओळीला तोच प्रश्न :
हा ड्रायव्हर अंगातच मुरवायचा,
की बाहेर ठेवायचा, हाक मारली की येणारा?

साउंड कार्ड नको. वर ऐकणार कोण.
सिरीयल पोर्ट एम.
ब्लूटूथ रिकामं.

गेल्या हिवाळ्यात तिनं सगळंच एम केलं होतं,
हलकं, सुटसुटीत, जरा फुशारकीनंच.
डिस्क वाचायचा ड्रायव्हरसुद्धा.
आणि तो होता डिस्कवर.
किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप.
पेटी रीस्टार्ट झाली ती परत बोललीच नाही.
इंग्वी स्की बांधून चार तास चढला
एका अक्षरापायी.
उतरला तेव्हा भुवयांवर बर्फ.
बोलला काही नाही,
कॉफी मागितली.

आज डिस्कपाशी ती थांबते.
वाय.
फाइलसिस्टीम, वाय.
बोट अजून त्याच कळीवर.
खुंटीला त्याचे हातमोजे, कडक वाळलेले.
तो हल्ली आकुरेरीला असतो.
बोलावलंस तर येईन, म्हणालाय.

कंपाइल व्हायला चाळीस मिनिटं.